पुरावा गावांनी दिला, तपासणी कधी पोचणार?

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग, वेळीच तपासणी झाली तर बहुतेक वेळा टाळता येतो. जगाने ही गोष्ट मान्य केली, त्यामागच्या पुराव्यात महाराष्ट्रातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. त्या कामाचा मागोवा घेताना कोल्हापूरकर म्हणून मला अभिमान वाटतो, तशी चीडही येते.

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग त्याची नोंद होईल, अशी वाट पाहून चालणारं नव्हतं. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना लक्षणं समजावून सांगितली, शंका वाटेल त्यांना तपासायला पाठवलं. काही वर्षांतच हा कर्करोग झालेल्या बायका आधीच्या टप्प्यात, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत, डॉक्टरांपुढे येऊ लागल्या. नवं यंत्र आलेलं नव्हतं. कुणीतरी दारात जाऊन बोललं होतं.

1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या 650 बायकांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. अंगावर काढणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसतं.

पुढचं पाऊल मोठं होतं. 1998 पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक मुलींना प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखाला पातळ केलेलं अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं, एवढीच ती तपासणी. दर दोन वर्षांनी ती झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू झाला. 2009 साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा रोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64.

त्या 64 जणींवरून पुढे कडक टीका झाली. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, असा प्रश्न होता. त्या भागात ही सेवा मुळात नव्हतीच, असं संशोधकांचं उत्तर होतं. वाद कुणी कसाही मिटवो, या बायकांचं ऋण आपल्यावर आहे आणि ते सेवेनेच फिटेल.

ते फिटलेलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. आपल्या शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, कर्करोगाची खासगी रुग्णालयं आहेत. पण गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या धनगरवाड्यावरच्या बाईला तिथवर यायचं तर दिवसाची मजुरी बुडवून एसटी गाठावी लागते. दुखत नसताना तिने का यावं? तिच्या दारात जाणारी आशाताई आहे. मात्र तिच्यामागे तपासणीचा ठरलेला वार, वेळेत मिळणारा अहवाल आणि लगेच उपचार हवेत. नाहीतर तिचा शब्द फुकट जातो.

एचपीव्हीचा नमुना बाई आता स्वतःही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे. दूध संस्था आणि बचत गट आपल्या गावोगावी आहेत. आरोग्य खात्याने त्यांना सोबत घ्यावं, आणि ग्रामसभेने उपकेंद्रातल्या तपासणीचा हिशेब दर वर्षी मागावा. वाचकहो, तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईची ही तपासणी झाली आहे का, ते आजच विचारा. झाली नसेल तर या आठवड्यात तिच्यासोबत जा.