खोटं बोलण्यापेक्षा बंद पडलेलं बरं

विमानतळावर नोकरी म्हटलं की वरळीच्या बीडीडी चाळीत पहिला प्रश्न यायचा, "मग तिकीट स्वस्तात मिळतं का रे?" दुसरा, "म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांना तूच सांगतोस, उतर म्हणून?" दोन्हींचं उत्तर नाही. टॉवरमधून बोलतो तो कंट्रोलर. तो ज्या रेडिओवर बोलतो, ज्या पडद्यावर विमानं पाहतो आणि ढगांतून खाली येणारं विमान ज्या सिग्नलच्या आधाराने धावपट्टी गाठतं, ते सगळं धडधाकट ठेवणं आमच्याकडे. खात्याचं नाव सीएनएस: कम्युनिकेशन, नेव्हिगेशन, सर्व्हेलन्स. टॉवरची उंची ८४ मीटर असली, तरी आमची बरीच ड्युटी धावपट्टीच्या कडेला, एसी लावलेल्या एका लहानशा खोलीत जाते. तिला आम्ही शेल्टर म्हणतो.

त्यातलं विमानाला उतरताना वाट दाखवणारं आयएलएस हे यंत्र मला सगळ्यात आवडतं, कारण त्याची युक्ती शाळेतल्या पोरालाही समजेल. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची आडवी रांग असते, तिला लोकलायझर म्हणतात. ती एकाच लहरीवर दोन सूर पाठवते, एक ९० हर्ट्झचा, दुसरा १५० हर्ट्झचा. उतरणारं विमान मध्यरेषेच्या डावीकडे सरकलं तर ९० चा सूर जोरात, उजवीकडे सरकलं तर १५० चा. दोन्ही सारखे ऐकू आले की विमान नेमकं मधोमध. ग्लाइड पाथ हेच काम उभ्या दिशेत करतो. वर गेलात तर ९०, खाली आलात तर १५०, आणि दोन्ही समान असलेली रेघ जमिनीशी सुमारे ३ अंशांचा कोन करते. जुलैत ढग अगदी खाली उतरलेले असताना खिडकीतून पंखाचं टोकही दिसत नाही, तेव्हा वैमानिक या दोन सुरांच्या फरकावर विसंबून खाली येत असतो.

आता हा फरकच चुकला तर? सिग्नल बंद पडला तर वैमानिकाला लाल निशाण दिसतं, तो विमान वर उचलतो, फेरी मारतो, पुन्हा येतो. इंधन जळतं, प्रवासी चिडतात, बस. पण सिग्नल चालू आहे आणि रेघ थोडी वाकडी आहे, तर तो विश्वासाने वाकड्याच रेघेवर उतरत राहील. म्हणून प्रत्येक ट्रान्समीटरशेजारी एक मॉनिटर बसवलेला असतो. हवेत काय जातंय ते तो सतत तपासतो. मर्यादा ओलांडली की चालू ट्रान्समीटर काढून स्टँडबायवर नेतो, आणि तोही बिघडलेला असला तर सरळ सगळं बंद करतो. साध्या, म्हणजे कॅट-वन दर्जाच्या ग्लाइड पाथला हे सारं उरकायला ६ सेकंदांची मुभा आहे. लोकांना वाटतं, तंत्रज्ञाचं काम म्हणजे यंत्र चालू ठेवणं. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काम, यंत्र वेळेवर बंद पडेल याची खात्री ठेवणं. मॉनिटर मुद्दाम फसवून पाहायचा, अलार्म येतो का बघायचा, आकडे लॉगबुकात लिहायचे. कालच तर पाहिलं होतं, असं म्हणणाऱ्या माणसाने हे काम घेऊ नये.

दुरुस्ती काढतानाही हाच नियम. कंट्रोलरची परवानगी घ्यायची, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघालेला असतो, आणि ट्रान्समीटरची मोर्समधली ओळख बंद करायची. वैमानिकाला सुईवर दिशा दाखवणारं मुंबईचं व्हीओआर हे रेडिओयंत्र एरवी बीबीबी अशी टकटक करत असतं. टकटक ऐकू येत नसेल तर सुई कितीही ठाम दिसो, वैमानिकाने तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अर्ध्या माहितीचा घात किती मोठा, हे मुंबईने विसरू नये. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग माँ ब्लाँवर आदळलं, ११७ माणसं गेली, त्यात होमी भाभा होते. विमानातल्या दोनपैकी एक व्हीओआर रिसीव्हर बंद होता. आपण डोंगर ओलांडला असा वैमानिकाचा हिशेब झाला. रडारवरच्या कंट्रोलरला चूक दिसली होती, त्याने सांगितलंही, पण सांगण्याचा अर्थ नीट पोचला नाही. तिथे बिघाड विमानातला होता, जमिनीवरचा नव्हे. तरी मला ही गोष्ट आमच्याच धंद्याची वाटते.

पावसाळ्यात आमचा खरा शत्रू वीज नसते, गवत असतं. ग्लाइड पाथचा सिग्नल पुढच्या जमिनीवरून परावर्तित होऊनच घडतो, म्हणजे ती जमीन अँटेनाचाच एक भाग. तिथे गवत वाढलं, पाणी साचलं की आकडे हलायला लागतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेला माणूस गवत कापणाऱ्यांच्या मागे लागलेला दिसतो. समोर कुणी ट्रक उभा केला तरी रेघ वाकते. शिवाय खारी हवा कनेक्टरला हिरवा गंज चढवते आणि उंदीर केबलवर ताव मारतात. मे महिन्यात पावसाळ्याआधी एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या बंद असतात. एरवी दिवसाला नऊशेहून अधिक विमानं चढतात-उतरतात, त्यामुळे ते सहा तास सगळ्यांनाच हवे असतात.

एवढं करूनही जमिनीवरचं मोजमाप पुरत नाही. ठरावीक काळाने कॅलिब्रेशनचं विमान येतं, पुन्हा पुन्हा त्याच रेघेवर उडतं, आणि वरून रेडिओवर आकडे येतात. खाली आम्ही त्यानुसार यंत्र किंचित जुळवतो, थांबतो, परत विचारतो. अशा वेळी शेल्टरमध्ये कुणी चहाचं नाव काढत नाही.

नाइट संपवून वरळीला यायचं आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत दिवसा झोपायचं, हे मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. शेजारचा कुकर, कॉरिडॉरमधलं क्रिकेट, गणपतीत ढोल. आई दारात बसून पोरांना दटावायची, "विमानवाला झोपलाय, गप बसा."

वरळीची उंचीही आमच्या कामात येते. दूरदर्शनचा ३०० मीटरचा मनोरा रात्री लाल दिवे लावतो ते विमानांसाठीच. मिलच्या जागांवर टॉवर उभे राहायला लागले तेव्हा उंचीच्या परवानगीचे वाद वाढले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जमिनीवरचा वर्ल्ड वन आधी ४४२ मीटरचा ठरला होता, विमानतळ प्राधिकरणाची परवानगी न मिळाल्याने तो २८० मीटरवर थांबला. उंच इमारत नुसती वाटेत येत नाही, ती रडारला सावली पाडते, सिग्नल भलतीकडे परतवते. बिल्डर याला अडवणूक म्हणतात. मी म्हणणार नाही.

आता उपग्रह आलेत, मग हे कुंपणातले अँटेना कशाला, असं सुशिक्षित लोकही विचारतात. एकच यंत्रणा गेली की काय होतं, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत दिसलं: उड्डाण-योजनांचे संदेश पोचवणारी यंत्रणा कोलमडली, कंट्रोलरांना ते काम हाताने करावं लागलं आणि शेकडो विमानं रखडली. त्याच सुमारास दिल्लीजवळ विमानांना जीपीएसचे बनावट सिग्नल मिळू लागले, आणि सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांवरही असा हस्तक्षेप झाल्याचं मान्य केलं. त्याच उत्तरात हेही होतं, की जमिनीवरच्या पारंपरिक यंत्रणांचं किमान जाळं देश कायम ठेवणार आहे. म्हणजे नाइट ड्युटी संपणार नाही, आणि गवतही कापत राहावं लागणार.