नळ्यांची दिशा

हार्ले-डेव्हिडसनच्या १९९९च्या मॉडेलांपासून आलेल्या ट्विन कॅम इंजिनात डब्यासारखा ऑइल फिल्टर पुढे आडवा बसतो. काढताना तेल इंजिनावर सांडते. म्हणून फिल्टर दुसरीकडे हलवण्याचा संच मिळतो: मूळ जागी चकती, तिच्यातून नव्या जागेकडे दोन नळ्या.

मी कवी. ओळी उलटसुलट केल्या तरी कधी अर्थ निघतो. नळ्यांचे तसे नाही. तेल फिल्टरच्या कडेच्या छिद्रांतून शिरते, गाळून मधल्या भोकातून इंजिनाकडे परतते. नळ्या उलट जोडल्या तर आतली रबरी झडप वाट अडवते. तेलाविना इंजिन जाम होते.

म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक नळीवर खूण करा. गाडी सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा.