घोरपडीचा उपास



या ज्ञानसत्रात आजवर आपण ज्ञानेश्वरीपासून अवकाशयानापर्यंत पुष्कळ काही ऐकले. आज मी आपणांस घोरपडीच्या जेवणाविषयी सांगणार आहे. विषय ऐकून काहींच्या ओठांवर हसू आलेले मला दिसते आहे. माझी त्याला हरकत नाही. पण हा विषय मी गंमत म्हणून निवडलेला नाही. माझ्या हातून एक घोरपड उपाशी मेली, आणि ती का मेली हे समजावयास मला पुढे कित्येक वर्षे लागली. त्या वर्षांत जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

साताऱ्यात ज्याचे बालपण गेले त्याला अजिंक्यतारा आणि तानाजी यांच्यापासून सुटका नसते. 1670 साली तानाजीने सिंहगड घेतला तो यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून, असे आम्ही पोरांनी ऐकले होते. ही कथा पोवाड्यातली. शिडी आणि दोर यांच्या साहाय्याने कडा चढणारी माणसे हीच त्या रात्रीची खरी घोरपड, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पण दहा वर्षांच्या पोराला अभ्यासकांशी काय कर्तव्य? आम्हांला यशवंती हवी होती. एका गुराख्याने ती पोत्यात घालून आणून दिली. तेव्हा 1972 चा वन्यजीव कायदा झालेला नव्हता. दिवस पौषातले, थंडीचे. वाड्यातल्या अडगळीच्या खोलीत, जिथे उन्हाची तिरीपही येत नसे, तिथे खुंटीला दोरीने तिला बांधली आणि तिची बडदास्त सुरू झाली.

प्रथम वाटीभर दूध ठेवले. तिने त्यात जीभ बुडवली आणि तोंड फिरवले. मग दूधभाकरी कुस्करून दिली, केळे दिले, गूळशेंगदाणे दिले. तिने ढुंकून पाहिले नाही. आठव्या दिवशी कोणीतरी खाटकाकडून मटणाचे तुकडे आणले. ते मात्र तिने हां हां म्हणता गिळले, आणि आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते सारे तसेच्या तसे, कुजलेल्या अवस्थेत, बाहेर टाकले. आजी दारात उभी राहून म्हणाली, "अरे, मुका जीव उपास धरून बसलाय. सोडून द्या त्याला." आम्ही उद्या सोडू, उद्या सोडू म्हणत राहिलो. एके सकाळी ती ताठ झालेली आढळली.

तर प्रश्न असा की, घोरपड खाते तरी काय?

आपल्या देशात घोरपडीच्या चार जाती आहेत. पाणघोरपड सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारात, वाळवंटी घोरपड राजस्थान-गुजरातेकडे, पिवळी घोरपड उत्तरेकडे. सातारा-सांगलीच्या माळावर, बांधावर आणि कपारींत जी दिसते ती साधी घोरपड, शास्त्रज्ञ जिला बंगाली घोरपड म्हणतात ती. वॉल्टर ऑफेनबर्ग नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने या एकाच प्राण्यावर भलाथोरला ग्रंथ लिहिला; तो 1994 साली प्रसिद्ध झाला. भरतपूरच्या घना अभयारण्यातही घोरपडींच्या आहाराचा कसून अभ्यास झाला. घोरपड म्हणजे कोंबड्या पळवणारी, अंडी चोरणारी, असा आपला समज. प्रत्यक्षात तिच्या आहारात सर्वांत मोठा वाटा निघाला तो भुंगेऱ्यांचा आणि त्यांच्या अळ्यांचा. त्याखेरीज नाकतोडे, विंचू, गोगलगाई, खेकडे, बेडूक, उंदराची पिले, पक्ष्यांची अंडी आणि मेलेल्या जनावराचे मांस. ज्यांनी गुरे राखली आहेत त्यांनी पाहिले असेल की, माळावरची घोरपड वाळलेली शेणाची पोवटी उलथीपालथी करीत हिंडते. तिला शेण नको असते. शेणाखालचा किडा हवा असतो.

आता ती हे शोधते कशी? सापासारखी दुभंगलेली लांब जीभ ती सारखी आतबाहेर करीत असते. ही जीभ चव घेण्यासाठी नाही, वासाचे कण गोळा करण्यासाठी आहे. ते कण तोंडाच्या टाळूत असलेल्या एका खास इंद्रियाकडे पोचतात आणि तिला मातीखाली दडलेल्या अळीचा पत्ता लागतो. मग नखे, मग नाक, मग झडप. आमच्या दुधात तिने जीभ बुडवली ती दूध प्यावे म्हणून नव्हे. हे आहे तरी काय, अशी चौकशी म्हणून.

खाण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. घोरपड चावत नाही. भक्ष्य मोठे असेल तर ती ते जबड्यात धरून झटकते, जमिनीवर आपटते, पंजांनी दाबून तुकडा तोडते. आणि मग डोके वर करून मानेला हिसके देत घास घशाकडे ढकलते. लहान अंडे ती अख्खे गिळते. हे सारे चालले असता जवळ बोट नेणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. कारण वासाने चेतलेली घोरपड बोट आणि घास यांत भेद करीत नाही.

पण घास गिळला म्हणजे जेवण झाले असे माणसाला म्हणता येईल, घोरपडीला नाही. तिचे रक्त आपल्यासारखे स्वतःच्या आगीने तापत नाही. अंगातील उष्णता 35 अंश सेल्सिअसच्या आसपास आली तर तिचे पोट नीट काम करते, आणि ती उष्णता तिला उन्हातून व तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. सकाळी घोरपड दगडावर पसरलेली दिसते तेव्हा ती आळसावलेली नसते. चुलीवर आधण ठेवून बसलेली असते म्हणा ना! ऊन मिळाले नाही तर पोटातले अन्न पचण्याऐवजी सडू लागते आणि ते ओकून टाकण्यावाचून तिला गत्यंतर नसते. उत्तरेकडे कडक थंडीत ती बिळात पडून राहते आणि शरीरात साठवलेल्या चरबीवर दिवस काढते. म्हणजे आमच्या यशवंतीचा उपास हा रुसवा नव्हता. अंधाऱ्या गार खोलीत जी घोरपड अन्न नाकारते ती शहाणपणाने वागत असते. आम्ही तिला मटण भरवले आणि तेवढे शहाणपणही तिच्याकडून काढून घेतले.

येथे मला आपल्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची आठवण होते. तिथल्या नागपंचमीची कीर्ती आपणांस ठाऊकच आहे. जिवंत नाग पकडून आणावेत, घरोघर त्यांची पूजा करावी, मिरवणूक काढावी, अशी परंपरा तेथे होती. नागांबरोबर घोरपडीही आणल्या जात. 1972 चा कायदा आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांची ती मिरवणूक थांबली. शिराळकरांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. नागाला आई मानणारी ती माणसे आहेत. मी बोलतो आहे ते फक्त दुधाविषयी, आणि ते शिराळ्यापुरते नाही, आपल्या सर्वांच्या अंगणात येणाऱ्या गारुड्याविषयीही आहे. साप दूध पचवू शकत नाही. बरेच दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो, आणि आपण हात जोडून म्हणतो, नागोबा दूध प्याले! आपणांस दूध पवित्र, म्हणून त्यालाही ते प्रिय असलेच पाहिजे, हा आपला न्याय. आपण त्या मुक्या जिवाला पाहत नाही. त्याच्या जागी आपल्या मनातले पाहतो आणि त्यालाच जेवू घालतो.

हा दोष अडाण्यांचा आहे असे कोणी समजू नये. युरोप-अमेरिकेत घोरपडी हौसेने पाळतात. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून सवाना घोरपडीची पिले तिकडे मोठ्या संख्येने जातात. तेथील मंडळींनी विचार केला, घोरपड मांसाहारी. तेव्हा द्या तिला उंदीर. दुकानात उंदीर तयार मिळतात, खाणारीही आवडीने खाते. पण तिच्या मायदेशी पाहिले तर ही घोरपड गोगलगाई, पैसे (मिलिपेडी किडे), रातकिडे, विंचू यांवर जगते आणि त्यासाठी दिवसभर पायपीट करते. पिंजऱ्यात बसून उंदरावर उंदीर खाणारी घोरपड सुटते, तिच्या यकृतात चरबी साठते आणि ती अकाली मरते. आम्ही साताऱ्यात उपासाने मारली, ते तिकडे जेवण घालून मारतात, अज्ञान तेच!

पाळलेल्या घोरपडींच्या काही खोडी विक्षिप्त वाटतात, पण त्यांनाही कारण असते. घाबरली की ती खाल्लेले ओकते, कारण जड पोटाने पळता येत नाही. काही वेळा वाळूखडे गिळते, कारण त्यांना घासाचा वास लागलेला असतो. आणि ती मठ्ठ तर मुळीच नसते. अमेरिकेत सॅन दिएगो येथे जॉन फिलिप्स या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या पांढऱ्या गळ्याच्या घोरपडींना प्रत्येक कप्प्यात चार चार गोगलगाई ठेवून खाण्याची सवय लावली. पुढे एक गोगलगाय काढून घेतली, तेव्हा त्या राहिलेली एक शोधू लागल्या! सहापर्यंत त्यांचा हिशेब चुकत नसे. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात क्रॅकेन नावाची एक कोमोडो घोरपड होती. ती रबरी कड्यांशी, बुटांशी खेळे, रक्षकाच्या खिशातला रुमाल हळूच ओढून घेई. पण कड्याला रक्त माखलेले असले की तिचा खेळ संपे आणि व्यवहार सुरू होई. खेळणे कोणते आणि अन्न कोणते हे तिला कळत होते. फिलिपीन्समध्ये तर एक घोरपड अशी आहे की ती झाडावर चढून पिकलेली फळे खाते. तेव्हा "घोरपड अमुकच खाते" हे वाक्यसुद्धा जपून उच्चारावे.

आता कोणी विचारील, एवढे कळल्यावर घोरपड नीट पाळता येईल की! नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले कायद्याचे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, बाळगणे, मारणे यांस तीन ते सात वर्षांची कैद आणि निदान 25,000 रुपये दंड आहे. घरात शिरलीच तर काठी न उचलता वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवावे. तिची रंगीत ठिपक्यांची पिले विषारी समजून आपण ठेचतो, तेही सोडून द्यावे. माणसाला विषाने मारील असा हा प्राणी नव्हे.

दुसरे कारण आपल्या शेताचे. कृष्णाकाठच्या ऊसकऱ्याला हुमणी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जे भुंगेरे जमतात त्यांचीच पिलावळ पुढे जमिनीत राहून उसाची मुळे खाते. घोरपडीच्या ताटात सर्वांत जास्त असतात त्या याच कुळातल्या अळ्या आणि हेच भुंगेरे. एकटी घोरपड हुमणीचा नायनाट करील असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, बांधावरून मान डोलवीत जाणारी ती आपल्या शेतात आपल्यासाठी मजुरी न घेता काहीतरी करीत असते. तिला जेवायला घालण्याची तसदी आपण घेऊ नये. बांध पेटवू नये, कपारी बुजवू नयेत, शेतात विष ओतताना हात थोडा आखडता घ्यावा. तिचे ताट तिचे तिने वाढून घेतलेलेच आहे.

आजीचे म्हणणे खरे होते, फक्त तिने सांगितले त्याच दिवशी आम्ही ते ऐकावयास हवे होते.