नामवंत खेळाडू आणि ख्रिस्ती आशा

मागच्या वेळी आपण विश्वास या शब्दाचा विचार केला. आज आशेकडे वळू. त्यासाठी एक साधा प्रश्न घेऊ. नामवंत खेळाडूसाठी प्रार्थना करताना आपल्या मनात कुठेतरी शंका असतेच, की ज्याच्याकडे पैसा, कीर्ती, धडधाकट शरीर सगळं आहे, त्याला देवाची गरज भासणार तरी कशी?

ही शंका नवी नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा शिष्यांनीही प्रभूला हेच विचारलं होतं : मग तारण होणार तरी कोणाचं? प्रभूच्या उत्तराचा आशय असा की, माणसाच्या हातून हे होणार नाही, पण देवाला अशक्य काहीच नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी आशेची फार नेमकी व्याख्या केली. आशेचा विषय चांगला असावा, पुढे यायचा असावा, कठीण असावा आणि तरीही शक्य असावा. सोपं असेल तर आशा कशाला? अशक्य असेल तर आशा कुठली? म्हणजे ‘कठीण आहे’ हे आशा सोडण्याचं कारण होत नाही. कठीण असतं तिथेच तर आशेचं काम असतं.

आता उदाहरण पाहू. चार्ल्स स्टड हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे नावाजलेले क्रिकेटपटू. 1882 च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडला जिंकायला 85 धावा हव्या होत्या आणि डाव 77 वर आटोपला. ‘ॲशेस’ हे नाव त्याच पराभवातून आलं. स्टड दहाव्या क्रमांकावर आले आणि एकही चेंडू न खेळता नाबाद राहिले. पुढच्याच दौऱ्यात ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणाऱ्या संघातही ते होते.

गंमत म्हणजे, स्टड यांनी विश्वास शाळेत असतानाच स्वीकारला होता. पुढे कीर्ती वाढत गेली आणि तो विश्वास थंडावला. मग भाऊ जॉर्ज गंभीर आजारी पडला. त्याच्या उशाशी बसल्यावर प्रश्न उभा राहिला : मरणाच्या दारात या टाळ्यांची किंमत काय? भाऊ बरा झाला, पण प्रश्न गेला नाही. डी. एल. मूडी यांच्या सभेत त्यांचा विश्वास पुन्हा जागा झाला. 1885 मध्ये केंब्रिजच्या सात जणांपैकी एक होऊन ते मिशनरी म्हणून चीनला गेले, आणि वडिलांकडून आलेली मोठी संपत्ती त्यांनी वाटून टाकली.

इथे आपण सावध राहायला हवं, बरं का. नामवंत माणूस विश्वासात आला की आपण लगेच त्याची जाहिरात करतो. जणू ख्रिस्तालाच त्याच्या प्रसिद्धीचा आधार हवा होता! स्टड यांचं उत्तरायुष्यही निष्कलंक यशाचं नव्हतं. आफ्रिकेत काँगोमध्ये ते कामात बुडाले, आजारी पत्नी इंग्लंडमध्ये राहिली, सहकाऱ्यांशी तीव्र मतभेद झाले. म्हणजे विश्वासात आलेला माणूस पुतळा होत नाही. त्यालाही शेवटपर्यंत कृपाच लागते.

मग दुसऱ्याच्या तारणाची आशा आपल्याला धरता येते का? अक्वायनस म्हणतात, आशा मुळात स्वतःसाठी असते; पण प्रेमाने आपण दुसऱ्याशी जोडले गेलो, की त्याच्यासाठीही आशा धरता येते. आपली खरी परीक्षा इथेच आहे. त्या खेळाडूवर आपलं प्रेम आहे, की फक्त त्याच्या धावांवर? तो शून्यावर बाद झाला, दुखापतीने घरी बसला, लोक त्याला विसरले, तरी आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू का?

पौलाने करिंथकरांना शर्यतीचाच दाखला दिला. त्या नगराजवळ मोठे खेळ भरत आणि विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढे. पानंच ती, सुकणारच. धावणं वाईट असं पौल म्हणत नाही. न सुकणारा मुकुटही आहे, एवढंच तो दाखवतो. ज्याने एका मुकुटासाठी घाम गाळला, त्याला दुसऱ्याची ओळख पटणारच नाही, असं ठरवणारे आपण कोण?