हिंगोलीची मीटरगेज, टेबलावर

एक हजार मिलिमीटरला 87 ने भागलं की साडेअकरा मिलिमीटर येतात. छोट्या रेल्वेचा छंद असलेल्या माणसाच्या डोक्यात हा भागाकार कायम चालू असतो. या छंदातल्या सर्वांत लोकप्रिय मापाला एचओ म्हणतात. त्यात मूळ गाडीची प्रत्येक लांबी-रुंदी 87 ने भागायची. युरोप-अमेरिकेतली 1435 मिलिमीटरची वाट, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, या हिशेबाने साडेसोळा मिलिमीटर होते आणि दुकानात मिळणारे एचओचे रूळ त्याच रुंदीचे असतात. आपल्या पूर्णा-हिंगोली मार्गाची जुनी वाट मीटरची होती. तिला बारा मिलिमीटरचे रूळ चालतात, आणि तेही तयार मिळतात. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत मीटरगेज आजही जोरात धावते, त्यामुळे तिथल्या छांदिष्टांसाठी रूळ, सांधे, डबे सगळं बनतं. हिंगोलीची गाडी टेबलावर आणायची म्हटली तर रूळ स्विस मिळतील. इंजिन मात्र हाताने घडवावं लागेल.

ही गाडी आठवणाऱ्या गावांपैकी एक शिरड शहापूर, औंढा नागनाथ आणि वसमतच्या मधलं. बाहेरच्या माणसाला ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ठाऊक असतं. इथल्या माणसाला रेल्वे म्हटलं की वसमत किंवा हिंगोली आठवते, आणि ज्यांचं बालपण 2008 च्या आधीचं आहे त्यांना मीटरगेज आठवते. अरुंद डबे, विटकरी लाल रंग, स्टेशनात शिरताना येणारा लोखंडी खडखडाट. पूर्णा हे तेव्हा मीटरगेजचं मोठं जंक्शन. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत येणारी वाट मीटरगेजच होती, तिच्यावरून अजिंठा एक्स्प्रेस जायची. पूर्ण्याहून हिंगोली, वाशीम, अकोला करत मीनाक्षी एक्स्प्रेस थेट जयपूरला पोहोचायची. नव्वदच्या दशकात मनमाडकडची वाट रुंद झाली, त्यानंतर पूर्णा-अकोल्याची. प्रवाशांची सोय झाली, मालगाड्या थेट धावू लागल्या, आणि एका आख्ख्या गाडीचं रूप डोळ्यांसमोरून गेलं. ते रूप टिकवण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे छोटी प्रतिकृती, असं मला मनापासून वाटतं. फोटोत गाडी थांबलेली असते. प्रतिकृतीत ती वळते, चढते, शंटिंग करते.

महाराष्ट्रात या छंदाचं घर पुण्यात आहे. कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ, जी. ए. कुलकर्णी पथावर, जोशी कुटुंबाच्या सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या उद्योगाच्या जागेत 1 एप्रिल 1998 रोजी छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. ते उभं केलं भाऊसाहेब जोशी यांनी. लहानपणी लागलेला गाड्यांचा नाद त्यांनी नोकरी-धंद्याच्या वयात सोडला नाही. जमेल तशी इंजिनं आणि डबे जमवले, आधी हलवता येणारी मांडणी करून प्रदर्शनात लोकांना दाखवली. पण अशी मांडणी प्रत्येक वेळी सुटी करून बांधायची म्हणजे सांधे हलतात, तारा तुटतात, झाडं मोडतात. गाडीला कायमचं गाव हवं, या गरजेतून संग्रहालय आलं. पुढे त्यांचे चिरंजीव रवी जोशी यांनी ते सांभाळलं.

आत एक आख्खं शहर आहे. वाफेचं इंजिन, अतिवेगवान गाडी, डोंगरावर चढणारी गाडी, उड्डाणपूल, दिव्याचे खांब, पोहण्याचा तलाव, सर्कस, मोटारीत बसून बघायचा सिनेमा. निवेदन सुरू होतं, दिवे मंद होतात, शहरात रात्र पडते आणि खिडक्या उजळतात. लहान मुलं काचेला नाक लावतात हे अपेक्षितच आहे. त्यांना घेऊन आलेले आजोबाही तितकेच वाकलेले दिसतात. मला त्या खोलीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शिस्त. सिग्नल लाल असेल तर गाडी थांबते, पुढची वाट मोकळी झाली की सुटते. खेळण्यातली गाडी आणि छोटी रेल्वे यांत फरक काय, ते तिथे दोन मिनिटांत कळतं. खेळण्यातली गाडी गोल फिरते, छोट्या रेल्वेला वेळापत्रक असतं.

छांदिष्ट एकत्र जमले की कोणतं इंजिन सर्वांत आवडतं हा विषय निघतोच, आणि उत्तराचं मूळ बहुधा त्या माणसाच्या गावात सापडतं. जर्मन माणूस मेर्क्लिन कंपनीचं ‘मगर’ इंजिन काढून दाखवतो. गोपिंगेनची ही कंपनी 1859 पासूनची. तिने बनवलेली स्विस गोटहार्ड मार्गाच्या हिरव्या विजेच्या इंजिनाची प्रतिकृती पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली आहे. दोन टोकांना लांब नाकं, मधे खोली, आणि वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वळतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला मात्र ते बघून आपला ‘खेकडा’ आठवतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटासाठी 1928 पासून आणलेली मालगाडीची विजेची इंजिनं त्याच घराण्यातली. एकूण 41 होती. पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली. चाकं जोडणारे दांडे बाहेरून दिसायचे आणि उभं असताना इंजिन कण्हल्यासारखा आवाज करायचं. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ आज मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात बघायला मिळतं. ज्याने त्याला घाटात माल ओढताना पाहिलं, तो माणूस मेर्क्लिनच्या हिरव्या मगरीला तपकिरी रंग देण्याच्या विचारात पडतोच.

आपल्या ब्रॉडगेजची एक पंचाईत आहे. ती 1676 मिलिमीटरची. 87 ने भागली तर 19.3 मिलिमीटर येतात, आणि या रुंदीचा रूळ कुठे तयार मिळत नाही. म्हणून भारतीय छांदिष्ट डब्याचं माप 1:87 धरतात आणि चाकं साडेसोळा मिलिमीटरवर बसवतात. डबा बाजूने हुबेहूब दिसतो, समोरून पाहिलं की पाय जवळ घेतल्यासारखा वाटतो. उलट बाजूने गणित केलं तर साडेसोळा मिलिमीटरचा रूळ आपल्या ब्रॉडगेजचा बरोबर 101.6वा भाग भरतो. शंभरात एक या मापाने सगळं बनवलं तर रूळ जवळजवळ बिनचूक बसतो. पण मग बाजारातली माणसं, घरं, मोटारी, काहीच त्या मापाचं नसतं. दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने बोलतात. मी साडेसोळावर समाधान मानणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण परिपूर्ण रुळाची वाट बघत कपाटात पडलेलं इंजिन कुणाच्याच कामाचं नाही.

जागेची अडचण याहून मोठी. आपल्या ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं धरतात, म्हणजे 175 मीटर त्रिज्येचं. 87 ने भागलं तरी दोन मीटर. गाडी पूर्ण वळवायची तर चार मीटर रुंदीची खोली फक्त वळणाला लागेल. म्हणून बाजारातल्या संचात 36 सेंटिमीटर त्रिज्येची वळणं देतात. त्यांच्यावर 24 सेंटिमीटर लांबीचा आपला लांब डबा कोपऱ्याला बाहेर फेकला जातो आणि दोन डब्यांमधली फट भगदाड पडल्यासारखी दिसते. मीटरगेजला सोळा अंशांपर्यंत वळण चालतं. 109 मीटर, म्हणजे टेबलावर सव्वा मीटर. नॅरोगेजला चाळीस अंश, 44 मीटर, टेबलावर अर्धा मीटर. इथे माझ्या मनातली गोष्ट येते: आपल्या घरांत, दहा बाय दहाच्या खोलीत, खऱ्या मापाने बसेल अशी गाडी राजधानी नाही. ती हिंगोलीची मीटरगेज आहे, मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आहे, बार्शी लाइट आहे.

या छोट्या वाटांची जगातल्या छांदिष्टांना आपल्यापेक्षा जास्त कदर आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने सुरू केली. अडीच फुटांची वाट, आणि सगळ्या वाहनांच्या प्रत्येक आसावर सारखाच पाच टनांचा भार पडावा असं नेमकं नियोजन. ही वाट पुढे लातूरपर्यंत आली. बार्शीत जे सिद्ध झालं त्याच आधारावर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे 1904 मध्ये उभी केली. ती जेमतेम तीस वर्षं चालली. तरी तिच्या दोन इंजिनांच्या प्रतिकृती इंग्रज छांदिष्ट आजवर बनवत आले आहेत. तिची थोरली बहीण आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावर शंभरहून अधिक वर्षं माणसं आणि माल वाहत होती. तिची प्रतिकृती आपल्या एकेका घरात का नसावी? 762 मिलिमीटरला 87 ने भागलं की पावणेनऊ येतात आणि नऊ मिलिमीटरचा रूळ तर सर्वत्र मिळतो. शकुंतलेचंही तसंच. तिला ओढणारं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 पासून 1994 पर्यंत राबलं. एक इंजिन, चार-पाच डबे, कौलारू स्टेशन, दोन सांधे. एवढ्यात यवतमाळ उभं राहतं.

पण मला वायपी हवी. आठ-दहा डब्यांची मीटरगेज पॅसेंजर ओढणारं, पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन, असं हे वाफेचं इंजिन. 1949 पासून 1970 पर्यंत ते बनत राहिलं आणि त्यातली पुष्कळशी जमशेदपूरच्या टेल्कोच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचं मोठं चाक 1372 मिलिमीटरचं, टेबलावर 15.8. एवढ्या मापाचं आरे असलेलं चाक शोधायला जपानकडे वळावं. तिथली मुख्य वाट 1067 मिलिमीटरची, तीही 87व्या भागात बारा मिलिमीटरवर बसते, आणि जपानी छांदिष्टांचा बाजार मोठा आहे. बॉयलरसाठी पितळी नळी किंवा पातळ पत्रा गोल करून डाग द्यायचा. रिव्हेट सुईने पत्र्याच्या मागून एकेक उठवायचे. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण उजेड तिरका पडला की इंजिन खरं दिसतं ते रिव्हेटांमुळेच. मोटर भट्टीच्या जागेत किंवा टेंडरमध्ये बसते. बॉयलरच्या पोकळीत शिसं भरायचं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. वीज रुळांतून येते, डावा रूळ एक ध्रुव, उजवा दुसरा, बारा व्होल्ट. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ रुळावर बसली की गाडी अडखळते. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं सतत हाताशी लागतं.

मूळ इंजिन अजून बघायला मिळतं हे मोठं भाग्य. अनेक स्टेशनांबाहेर, रेल्वेच्या कार्यालयांसमोर वायपी आणि मालगाडीची वायजी इंजिनं चौथऱ्यावर उभी आहेत. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडने मीटरगेजची वाफेची इंजिनं जपली आहेत. फूटपट्टी, कॅमेरा आणि वही घेऊन जावं, आणि फोटो काढताना एक फूटपट्टी चौकटीत उभी धरावी. घरी आल्यावर त्याच फोटोवरून वाफेच्या नळीची जाडीसुद्धा मोजता येते. हल्ली तरुण मुलं संगणकावर डब्याची बाजू आखून थ्रीडी छपाईने खिडक्यांच्या जाळ्या काढतात. त्यांना जुन्या पितळवाल्यांनी कमी लेखू नये. दुसऱ्या वर्गाच्या खिडकीचे आडवे गज हाताने कापून सारख्या अंतरावर बसवणं काय असतं ते पितळवाल्यांनाच ठाऊक आहे.

गाडी तयार झाली की तिला जागा कोणती द्यायची? बहुतेक जण टेबलावर गाडीला वर चढवण्यासाठी वेटोळं करतात, रूळ स्वतःवरूनच जातो, आणि बघणाऱ्याला ते कृत्रिम वाटतं. हिंगोलीच्या वाटेला अशा वेटोळ्यासाठी सबब द्यावीच लागत नाही. अकोल्याच्या पुढे अकोट ओलांडून मेळघाटात शिरलं की धूळघाटला ही मीटरगेज वाट खरोखरच वेटोळं घेऊन स्वतःला ओलांडायची. सातपुडा चढण्यासाठी अभियंत्यांनी ते केलं होतं. टेबलावर खालची गाडी सुटावी म्हणून सात-आठ सेंटिमीटर उंची मिळवायची, चाळिसात एकचा चढ धरला तर त्यासाठी तीन मीटर रूळ लागतो, आणि सव्वा मीटर त्रिज्येच्या एका वेटोळ्यात साडेसात-आठ मीटर रूळ मावतो. गणित आरामात बसतं. साग आणि बांबूची झाडं लावा, मधे तो पूल, आणि वरून विटकरी डब्यांची मीनाक्षी.

दुसरी जागा अकोला. तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेज शेजारी होत्या. वाट बदलली की माल एका वाघिणीतून दुसरीत उतरवून भरावा लागायचा. टेबलावर साडेसोळा आणि बारा मिलिमीटरचे दोन रूळ, मधे धक्का, एका बाजूला चारचाकी बंद वाघिणी, दुसऱ्या बाजूला रुंद वाघिणी, आणि पाठीवर पोती घेतलेले दोन सेंटिमीटर उंचीचे हमाल. पोत्यांत हिंगोली-वसमतची हळद आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून एक पोतं उसवलेलं दाखवायचं आणि धक्क्यावर चिमूटभर पिवळा रंग सांडायचा.