लांब पल्ल्याचा बाण

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत एल्क या सांबराच्याच कुळातील प्राण्याची शिकार परवाना घेऊन धनुष्यबाणाने केली जाते. प्रौढ नराचे वजन ३०० किलोच्या आसपास असते आणि बाणाच्या धक्क्याने तो लोळत नाही. धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेल्यावर होणाऱ्या रक्तस्रावाने तो कोसळतो. म्हणून अशा शिकारीसाठी बाण निवडताना तो किती वेगाने सुटतो यापेक्षा दूर गेल्यावर त्याच्यात किती जोर उरतो, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे सुमारे १५.४ ग्रेन होतात. चाकांच्या साहाय्याने ताणल्या जाणाऱ्या कंपाउंड धनुष्यासाठी, ते ओढण्यास लागणाऱ्या बळाच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन, असा ढोबळ नियम आहे. ७० पौंडी धनुष्याला त्यानुसार ३५० ग्रेनचा बाण चालतो. मात्र ही मर्यादा धनुष्य मोडू नये म्हणून घातलेली आहे. एल्कसाठी ४५० ते ५०० ग्रेनचा बाणच उचित, कारण तो हळू सुटत असला आणि वाटेत अधिक खाली येत असला, तरी धनुष्यातील ऊर्जेचा मोठा वाटा घेतो आणि हवेच्या विरोधाने त्याचा वेग तुलनेने कमी घटतो.

काळाचे गणित मात्र कोणताही बाण बदलू शकत नाही. सेकंदाला २८० फूट वेगाच्या बाणाला ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर, ओलांडण्यास ०.६४ सेकंदाहून अधिक वेळ लागतो, तर प्रत्यंचेचा आवाज ०.१६ सेकंदात पोहोचतो. उरलेल्या जवळजवळ अर्ध्या सेकंदात दचकलेले जनावर जागचे हलते आणि पाते पोटात शिरून त्याला दीर्घ यातना होऊ शकतात. एवढ्या अंतरावरून सावध जनावरावर बाण न सोडणेच योग्य.

बाणाच्या वजनाइतकाच त्याच्या दांड्याचा ताठरपणाही निर्णायक असतो. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मध्यभागी १.९४ पौंडांचे वजन टांगल्यावर दांडा इंचाचे जितके सहस्रांश वाकतो, तो त्याचा अंक. ३४० अंकाचा दांडा ४०० अंकाच्या दांड्याहून ताठ असतो. पुढचे पाते जड केले किंवा दांडा लांब ठेवला, की तो अधिक लवतो, म्हणून ताठरपणा पाते ठरवल्यानंतरच निवडावा.

पाती दोन प्रकारची असतात. आघाताने उघडणारी पाती वाऱ्यात कमी भरकटतात, पण उघडण्यात ऊर्जा खर्च करतात. स्थिर पाती खोल जातात, मात्र बाण धनुष्याशी जुळलेला नसेल तर त्याला वळवतात. सरावाचे साधे टोक आणि शिकारीचे पाते आलटूनपालटून ५० यार्डांवरून सोडले असता दोन्ही एकाच जागी रुतू लागली, की जुळणी साधली असे समजतात.