जुन्या मोटारीतली वीज

कारखाना बंद झाला म्हणून त्याने काढलेल्या मोटारी काही रस्त्यावरून नाहीशा होत नाहीत. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली निघाली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. ॲम्बॅसेडरही २०१४ मध्येच बंद झाली. ओम्नी २०१९ मध्ये. पण आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठेही जा, या गाड्या अजून भेटतात. कोणी बाजाराला निघालेला असतो, कोणी सेवाग्रामच्या दवाखान्यात आजारी माणूस नेत असतो, तर कोणी पोरांना शाळेत पोचवीत असतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. तेव्हा गाडी जुनी असणे हा काही गुन्हा नव्हे. पण जुन्या बैलाचे खूर आणि दात आपण जसे पाहून घेतो, तसे जुन्या गाडीचेही काही पाहून घ्यावे लागते. आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, तेल बदलतो. राहून जाते ते तिच्या अंगात फिरणाऱ्या तारांचे जाळे.

याविषयी बोलावे, तर पुष्कळ जण म्हणतात, "अहो गुरुजी, घरची वीज दोनशे तीस व्होल्टची. तिचा झटका बसते, हे खरं. पण मोटारीच्या बारा व्होल्टानं काय होते जी?" प्रश्न रास्त आहे. बारा व्होल्टचा झटका माणसाला सहसा जाणवतही नाही. पण मोटारीतला धोका झटक्याचा नाही. तो उष्णतेचा आहे. तो कसा, हे थोडे हिशेबाने पाहू.

साठ वॅटचा दिवा घरी लावला, तर तो जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. तेवढ्याच साठ वॅटचा दिवा मोटारीत लावला, तर तो पाच अँपिअर घेतो. कारण दाब कमी असला, की तेच काम करायला प्रवाह जास्त लागतो. दाब जवळजवळ एकोणीसपट कमी, म्हणून प्रवाह एकोणीसपट जास्त. आणि तार तापते ती प्रवाहामुळे. प्रवाह दुप्पट झाला, की तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. सेल्फ मारताना तर लहान मोटारीतसुद्धा बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह निघतो. हीच बॅटरी एखाद्या सोललेल्या तारेने गाडीच्या पत्र्याला चिकटली, तर शेकडो अँपिअर एकदम धावतात. तार निखाऱ्यासारखी लाल होते आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक पेटते.

मग नव्या गाडीत हे का होत नाही? कारण तिथे तारेवरचे आवरण शाबूत असते. आवरणाला म्हातारपण येते ते तीन वाटांनी.

पहिली वाट उन्हाची. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यात बोनेटखाली इंजिनाची धग वेगळी. वर्षानुवर्षे तापून तारेवरचे मऊ प्लॅस्टिक कडक होते, वाकवले की तडकते. दुसरी वाट उंदरांची. कपाशी आणि सोयाबीन घरात आले, की उंदीरही येतात. गोठ्यालगत उभी असलेली उबदार गाडी त्यांना आयतेच घर वाटते. चार दिवस गाडी हलली नाही, की बोनेटखाली काडीकचरा आणि कुरतडलेली तार सापडायचीच. तिसरी वाट आपल्याच हातांची. हॉर्न मोठा हवा, गाणी हवीत, रंगीत दिवे हवेत. म्हणून कुठलीही तार मध्येच सोलायची, तिला दुसरी पिळायची आणि वर टेप गुंडाळायची. उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

यावर कारखानदाराने एक पहारेकरी ठेवलेला असतो. त्याचे नाव फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला, की आधी तो वितळतो आणि बाकीची तार वाचते. फ्यूज गेला म्हणजे पहारेकऱ्याने हाक मारली, असे समजावे. पण आपण काय करतो? सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून त्या जागी बसवतो, किंवा दहाच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज घालतो. गाडी चालू होते. मात्र आता कच्चा दुवा राहिला नाही. वितळायची पाळी थेट तारेची. तोच फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष फ्यूजमध्ये नाही, पुढच्या तारेत आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दिव्यांचेही तसेच. समोरच्या दोन दिव्यांत साठ-साठ वॅटचे बल्ब असले, तर दहा अँपिअर लागतात. उजेड कमी पडतो म्हणून शंभर-शंभर वॅटचे घातले, की प्रवाह सतराच्या घरात जातो आणि त्याच तारेत उष्णता जवळजवळ पावणेतीनपट होते. बटण वितळते, कधी धावत्या गाडीचे दोन्ही दिवे एकदम विझतात. पुष्कळदा उजेड कमी पडण्याचे कारण बल्ब नसतेच. गाडीत वीज परत येते ती पत्र्यातून. पत्र्याशी जोडलेली तार गंजली, की दिवा मंद होतो. ती जागा कानसून, घासून घट्ट केली, की जुनाच बल्ब लख्ख पेटतो. मागचे दिवेही रोज पाहावेत. कंदील नसलेली बैलगाडी रात्री रस्त्यात जितकी घातक, तितकीच मागचा दिवा गेलेली मोटार.

आता बॅटरीकडे वळू. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडे वर. गाडी रात्रभर बंद असताना मोजले, तर चांगली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसायला हवेत. त्याहून फार कमी दिसले, तर बॅटरी भरत नाही. फार जास्त दिसले, तर ती उकळते आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत शेकडा चार भाग जमला, तरी तो ठिणगीने भडकतो. म्हणून पाणी पाहायला बॅटरीवर काडी पेटवून धरणे किंवा तिच्याजवळ विडी ओढणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आतले पाणी गंधकाम्लाचे असते. ते डोळ्यांत उडाले, तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावेत आणि दवाखाना गाठावा. बॅटरीत विहिरीचे पाणी घालू नये. त्यातले क्षार तिला मारतात. शुद्ध केलेले, बॅटरीसाठी विकत मिळणारे पाणीच घालावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. बॅटरी सोडवताना वजा खुणेची तार आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला, तरी ठिणगी उडत नाही.

ठिणगीला जोड मिळाली इंधनाची, तर मग सारेच संपले. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या तडकतात. शिवाय आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवतेच असे नाही. पेट्रोलचा वास आला, की गाडी चालवू नये, नळी बदलावी. घरगुती सिलिंडरचा गॅस मोटारीत भरणे तर बेकायदा आहेच, आणि जिवावरचेही. तो गॅस हवेहून जड असल्याने गाडीच्या तळाशी साचून राहतो, आणि एका बटणाची ठिणगी त्याला पुरते. गॅसचा वास आला, तर कुठलेच बटण दाबू नये. दारे उघडून सर्वांनी दूर व्हावे.

गाडी आगीआधी बहुधा खुणा देते. जळक्या प्लॅस्टिकचा वास, हाताला गरम लागणारे बटण, हॉर्न वाजवताच मंदावणारे दिवे, न विझणारा बॅटरीचा लाल दिवा. या दिसताच चांगल्या मिस्त्रीकडे जावे. आणि धूर निघालाच, तर क्रम असा: गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, आधी माणसे उतरवा, सामान मागून. बोनेट सताड उघडू नका. वारा मिळाला की आग भडकते. भुकटीचे अग्निशामक यंत्र असेल आणि आग लहान असेल, तरच ते वापरा. नाहीतर कोरडी माती टाका. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. दूर जाऊन ११२ किंवा १०१ ला फोन करा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दोन टॉर्चचे सेल एकापुढे एक ठेवून त्यांच्या टोकांना लोखंडाचा केसाएवढा बारीक तंतू चिमट्याने लावून दाखवा. तो लाल होऊन तुटतो. फ्यूज म्हणजे काय, हे मुले पुन्हा विसरणार नाहीत. प्रयोग कौलावर करावा, आणि मोटारीच्या बॅटरीवर कधीही करू नये. आणि मुलांना घेऊन येणारी गाडी शाळेच्या दारात थांबली, की महिन्यातून एकदा चालकदादांना एवढेच विचारा: फ्यूज खरे आहेत की चंदेरी कागदाचे? मागची दारे आतून उघडतात का? आग विझवायचे यंत्र कुठे आहे? चालकदादा रागावणार नाहीत. त्यांचेही पोर बहुधा त्याच गाडीत बसलेले असते.